इंग्रजी लघुरूपांचे मराठी लेखन: मराठी संपादकांस खुले पत्र

मराठी वृत्तपत्रे, नियतकालिके आणि वृत्तवाहिन्या यांच्या सन्माननीय संपादकांस,



मराठी वृत्तलेखनात इंग्रजी लघुरूपे आज इतकी रुळली आहेत की एका दिवसाच्या अंकात एफआयआर, ईएमआय, सेबी, इस्रो, नीट आणि जीएसटी अशी सहा नावे सहज येतात, आणि त्यांपैकी एकही पूर्ण शब्द नाही, ही गोष्ट लिहिणाऱ्याच्या वा वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. या सहांमध्ये 'सेबी', 'इस्रो' आणि 'नीट' ही नावे शब्दासारखी सलग उच्चारली जातात, तर उरलेली तीन एकेक अक्षर सुटे म्हणून उच्चारली जातात. इंग्रजी भाषेच्या अभ्यासात या दोन प्रकारांना वेगळी नावे आहेत, त्यांच्या लेखनाचे आणि व्याकरणाचे संकेतही काही अंशी वेगळे आहेत. मराठीत मात्र दोन्ही प्रकार 'लघुरूप' या एकाच नावाखाली येतात आणि त्यांतील भेद दृष्टीआड होतो. हा भेद नेमका काय आहे, तो इंग्रजीत कसा घडला आणि देवनागरीत लिहिताना तो अधिक महत्त्वाचा का ठरतो, हे मांडणे आणि त्यावरून काही विनंत्या करणे, हा प्रस्तुत पत्राचा हेतू आहे.

'ॲब्रिव्हिएशन' ही इंग्रजीतील सर्वांत व्यापक संज्ञा असून शब्दाचे किंवा शब्दसमूहाचे कोणतेही आखूड केलेले लेखी रूप तिच्या कक्षेत येते; मराठीतील 'लघुरूप' हा शब्द तिच्यासाठी पुरेसा आहे. 'प्रोफेसर' या शब्दाचा शेवट छाटून केलेले 'प्रोफ.' हे लघुरूप आहे, 'डॉक्टर' या शब्दाचे केवळ पहिले आणि शेवटचे अक्षर ठेवून केलेले रूपही लघुरूपच आहे, आणि 'उदाहरणार्थ' या अर्थाच्या लॅटिन शब्दद्वयाची 'ई.जी.' ही आद्याक्षरेही त्यातच मोडतात. अनेक शब्दांच्या नावातील आद्याक्षरे घेऊन जेव्हा नवे रूप घडते, तेव्हा या व्यापक वर्गाचे दोन पोटवर्ग पडतात. अक्षरांची नावे एकामागून एक उच्चारून वाचले जाणारे रूप, उदाहरणार्थ बीबीसी किंवा एफबीआय, हे 'इनिशिअलिझम' होय. त्यास या पत्रात 'आद्याक्षरी' म्हटले आहे. अक्षरांचे ध्वनी जोडून सलग शब्दासारखे वाचले जाणारे रूप, उदाहरणार्थ नाटो, नासा किंवा युनेस्को, हे 'ॲक्रोनिम' होय. त्यास येथे 'आद्याक्षरशब्द' म्हटले आहे. म्हणजेच प्रत्येक आद्याक्षरशब्द हे लघुरूप असते, परंतु प्रत्येक लघुरूप हा आद्याक्षरशब्द नसतो.

हा भेद सर्व इंग्रजी भाषक सारख्याच काटेकोरपणे पाळतात असे नाही. पुष्कळजण एफबीआयसारख्या रूपालाही 'ॲक्रोनिम' म्हणतात आणि मेरिअम-वेब्स्टरसारखा अमेरिकी कोश त्या व्यापक अर्थाची नोंदही घेतो. संज्ञेचा वापर सैल असला तरी उच्चाराचा भेद मात्र सैल नाही, कारण कोणताही इंग्रजी भाषक नाटो या नावाची चार अक्षरे सुटी म्हणत नाही आणि बीबीसी ही अक्षरे जोडून त्यांचा शब्द करत नाही. काही रूपे या दोन वर्गांच्या सीमेवर उभी असतात: 'जेपेग' या नावात पहिले अक्षर नावाने आणि उरलेली ध्वनीने वाचली जातात, 'सीडी-रॉम'चा पूर्वार्ध आद्याक्षरी आणि उत्तरार्ध आद्याक्षरशब्द आहे, तर मूल्यवर्धित कराचे नाव काही लोक 'व्हॅट' असे आणि काही 'व्हीएटी' असे उच्चारतात.

आद्याक्षरांनी लिहिण्याची रीत प्राचीन आहे. रोमन राज्याची निशाणी ठरलेली 'एसपीक्यूआर' ही चार अक्षरे 'रोमचे सिनेट आणि जनता' या अर्थाच्या लॅटिन शब्दसमूहाची आद्याक्षरे होती आणि दगडात कोरताना त्यांनी जागा आणि श्रम दोन्ही वाचवले. तथापि आद्याक्षरांतून बोलण्याचा नवा शब्द घडवणे, ही इंग्रजीतील सर्रास रीत मुख्यतः विसाव्या शतकातली आहे, आणि 'ॲक्रोनिम' ही संज्ञाच इंग्रजीत १९४० च्या सुमारास दिसू लागते. या रीतीला वेग दिला तो युद्धांनी आणि विस्तारत्या शासनयंत्रणेने. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या संयुक्त सैन्यदलाचे 'अँझॅक' हे नाव १९१५ मध्ये रूढ झाले. १९३० च्या दशकात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या आर्थिक कार्यक्रमाने एकामागून एक संस्था काढल्या आणि त्यांच्या आद्याक्षऱ्यांनी वृत्तपत्रांचे रकाने भरून गेले. आणि दुसऱ्या महायुद्धात 'रडार' हा शब्द आला. 'रेडिओलहरींनी वस्तूचा शोध आणि तिच्या अंतराचे मापन' असा अर्थ असलेले नाव आखूड करून अमेरिकी नौदलाने १९४० मध्ये तो स्वीकारला, आणि शब्द म्हणता यावा यासाठी 'रेडिओ'ची एक नव्हे तर पहिली दोन अक्षरे घेतली गेली. पुढे १९४९ मध्ये नाटो, १९५८ मध्ये नासा अशी संस्थांची नावे याच रीतीने बनली. 'लेझर' हे नाव अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ गॉर्डन गूल्ड यांच्या १९५७ सालच्या टिपणवहीत आढळते. किरणोत्सर्जनाला चालना देऊन प्रकाशाचे वर्धन करण्याच्या प्रक्रियेचे ते आद्याक्षरशब्दातले नाव होते. परंतु आज इंग्रजीत ते सामान्य नामासारखे छोट्या लिपीत लिहिले जाते, आणि त्याच्या शेवटी असलेला ध्वनी कर्तृवाचक प्रत्यय आहे असे मानून 'लेझ' असे नवे क्रियापदही शास्त्रज्ञांनी त्यातून काढले आहे. आद्याक्षरशब्दाची वाटचाल कोठपर्यंत जाते, ते यावरून दिसते. आद्याक्षरी बहुधा आपल्या मूळ नावाची सावली म्हणून राहते, तर आद्याक्षरशब्द मूळ नाव विसरले गेल्यावरही स्वतंत्रपणे जगतो.

ही रीत इतकी नवी आहे, हे माहीत असणे संपादकांच्या दृष्टीने उपयुक्त आहे, कारण जुन्या इंग्रजी शब्दांविषयी सांगितल्या जाणाऱ्या आद्याक्षरांच्या व्युत्पत्ती बहुतेक काल्पनिक असतात. 'न्यूज' हा शब्द उत्तर, पूर्व, पश्चिम आणि दक्षिण या चार दिशांच्या इंग्रजी नावांवरून आला, ही मराठी वाचकांनाही परिचित असलेली कथा खरी नाही. तो 'नवे' या अर्थाच्या विशेषणापासून आलेला शब्द आहे. संकटसूचक 'एसओएस' हेही मुळात कोणत्याही वाक्याचे लघुरूप नव्हते. तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे हा मोर्स लिपीतील क्रम ऐकताक्षणी ओळखू येतो, म्हणून १९०६ च्या बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने तो मान्य केला आणि 'आमचे प्राण वाचवा' हा विस्तार लोकांनी नंतर जोडला. याउलट 'ओके' मात्र खरोखरच आद्याक्षरी आहे: 'सर्व बरोबर' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे वर्णलेखन मुद्दाम चुकीचे करून त्यांची आद्याक्षरे घेण्याची लकब बॉस्टनच्या वृत्तपत्रांत होती आणि तिच्यातले हे रूप २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये छापले गेले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रीतीला उलटी दिशाही मिळाली आणि आधी शब्द ठरवून मग त्याच्या अक्षरांना साजेसा विस्तार शोधला जाऊ लागला. नवजात बालकाची प्रकृती जन्मतःच तपासण्यासाठी वापरला जाणारा 'ॲपगार' गुणांक मुळात डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांच्या नावावरून आला. त्यांनी तो १९५० च्या दशकाच्या आरंभी मांडला, आणि त्यांच्या आडनावाच्या इंग्रजी अक्षरांना बाळाचा रंग, नाडी, प्रतिक्षेप, हालचाल आणि श्वसन अशा पाच निकषांची नावे पुढे चिकटवण्यात आली, ज्यामुळे विद्यार्थ्यांना ते लक्षात ठेवणे सोपे झाले. अमेरिकेच्या २००१ मधील दहशतवादविरोधी कायद्याचे लांबलचक नाव 'पेट्रियट' हा शब्द साधावा म्हणूनच रचले गेले. भारतातील 'अमृत', 'हृदय' आणि 'भीम' ही शासकीय नावे याच जातीची आहेत. ती दिसतात भारतीय शब्दांसारखी, परंतु 'अमृत' हे शहरांच्या पुनरुज्जीवनाच्या योजनेचे आणि 'भीम' हे पैसे पाठवण्याच्या प्रणालीचे नाव रोमी लिपीतील आद्याक्षरांतून जुळवलेले आहे.

इंग्रजी लेखनात आद्याक्षरी आणि आद्याक्षरशब्द यांतील भेद केवळ कोशकारांपुरता राहत नाही, तो वाक्यातही उमटतो. अनिश्चित उपपद 'अ' घ्यावे की 'ॲन', हे अक्षरावरून ठरत नसून ध्वनीवरून ठरते. म्हणून एन या एकाच अक्षराने सुरू होत असूनही खडकवासल्याच्या प्रबोधिनीतील छात्राला 'ॲन एनडीए कॅडेट' म्हणतात, कारण त्या अक्षराचे नाव स्वराने सुरू होते, तर नाटोच्या सदस्याला 'अ नाटो मेंबर' म्हणतात, कारण तेथे व्यंजन आरंभी येते. संस्थेच्या आद्याक्षरीपूर्वी बहुधा निश्चित उपपद येते आणि 'द बीबीसी', 'द यूएन' असे म्हटले जाते. आद्याक्षरशब्दापूर्वी ते बहुधा येत नाही, कारण त्याला विशेषनामाचा दर्जा मिळालेला असतो. छपाईतही हा भेद पाळणाऱ्या परंपरा आहेत. ब्रिटनमधील 'द गार्डियन' नाटो आणि नासा यांचे केवळ पहिले अक्षर मोठ्या लिपीत छापते आणि बीबीसीची तिन्ही अक्षरे मोठी ठेवते, तर अमेरिकेतील 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दीर्घकाळ एफबीआयच्या प्रत्येक अक्षरापुढे पूर्णविराम दिला आणि नाटोमध्ये तो दिला नाही. दोन वृत्तपत्रांच्या रीती वेगळ्या असल्या तरी नाव कसे वाचावे, हे दोन्ही ठिकाणी छापील रूपच वाचकाला सांगते.

हा सारा भेद मुळात रोमी लिपीच्या एका गुणधर्मातून जन्माला आला आहे. रोमी अक्षराला नाव एक असते आणि ध्वनी दुसरा असतो: 'एफ' हे नाव आणि 'फ्' हा ध्वनी, 'डब्ल्यू' हे नाव आणि 'व्' हा ध्वनी. त्यामुळे अक्षरांची एकच ओळ नावांनी किंवा ध्वनींनी, अशा दोन प्रकारे वाचता येते. देवनागरीत अक्षराचे नाव आणि उच्चार एकच असतात आणि प्रत्येक अक्षरात स्वर असतोच, म्हणून अस्सल मराठी लघुरूपांत हे दोन वर्ग जवळजवळ पडतच नाहीत. ग. दि. माडगूळकरांचे 'गदिमा', शेतकरी कामगार पक्षाचा 'शेकाप', अंधश्रद्धा निर्मूलन समितीची 'अंनिस', महाराष्ट्र साहित्य परिषदेची 'मसाप' ही रूपे सुटी वाचली काय किंवा सलग वाचली काय, उच्चार बहुतांशी तोच राहतो. फार तर 'मनसे' म्हणताना 'न'मधील अकार दबतो, एवढाच फरक. मराठी भाषकाला इंग्रजीतील हा भेद आपसूक जाणवत नाही, याचे कारण त्याच्या लिपीने त्याला तो कधी जाणवू दिलेला नाही.

नेमक्या याच कारणामुळे इंग्रजी लघुरूप देवनागरीत आणताना मराठी लेखकावर अशी जबाबदारी येते, जी इंग्रजी लेखकावर नसते. इंग्रजी बातमीदार चार रोमी अक्षरे लिहून मोकळा होतो आणि ती कशी वाचावी हे वाचकावर सोपवतो. मराठी बातमीदाराला 'नाटो' लिहावे की 'एनएटीओ', हे लेखणी टेकण्यापूर्वी ठरवावे लागते, कारण देवनागरी उच्चारच लिहिते. म्हणजे मराठीत प्रत्येक इंग्रजी लघुरूपाचे लेखन हा त्याच्या वर्गाविषयी दिलेला निर्णय असतो, आणि तो निर्णय रोमी अक्षरे पाहून देता येत नाही, ऐकूनच द्यावा लागतो. महाराष्ट्रातील दोन महामंडळे याचे उत्तम उदाहरण आहेत. औद्योगिक विकास महामंडळाची इंग्रजी आद्याक्षरे 'एमआयडीसी' अशी सुटी राहिली, तर शहर व औद्योगिक विकास महामंडळाच्या नावात शेवटच्या शब्दाची दोन अक्षरे घेतल्यामुळे अखेरीस स्वर आला आणि 'सिडको' हा म्हणण्याजोगा शब्द तयार झाला. 'म्हाडा'चे उदाहरण तर आणखी बोलके आहे: 'म्ह' या जोडध्वनीने सुरू होणारा शब्द इंग्रजी जिभेला परका आहे, पण म्हातारा, म्हैस, म्हणणे असे शब्द रोज बोलणाऱ्या मराठी जिभेने त्या इंग्रजी आद्याक्षरांचा सहज शब्द केला. अशा ठिकाणी आद्याक्षरशब्द मराठीनेच घडवला आहे, असे म्हणणे योग्य ठरेल.

देवनागरीतील लेखनामुळे काही अडचणीही उद्भवतात. पहिली अडचण मोठ्या लिपीच्या अभावाची आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे 'नीट' हे नाव इंग्रजीत सर्व अक्षरे मोठी लिहिल्याने वेगळे उठून दिसते. मराठी मथळ्यात ते 'व्यवस्थित' या अर्थाच्या क्रियाविशेषणासारखेच दिसते आणि 'नीट परीक्षा झाली' या वाक्याचे दोन अर्थ होतात. 'अमृत', 'हृदय', 'भीम', 'सेट' या नावांचीही तीच गत आहे. दुसरी अडचण लांबीची आहे: इंग्रजीत एका चिन्हात बसणारे 'एफ' किंवा 'एम' देवनागरीत दोन अक्षरे घेते, त्यामुळे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची पाच रोमी अक्षरे 'एमएमआरडीए' अशी आठ अक्षरांची होतात आणि लघुरूपाचा जो मूळ हेतू, काटकसर, तोच बऱ्याच अंशी बाजूला पडतो. तिसरी अडचण अर्थाच्या गोंधळाची आहे: 'एनडीए' म्हणजे खडकवासल्याची प्रबोधिनी की राजकीय आघाडी, 'एसटी' म्हणजे बस की अनुसूचित जमाती, 'आयटी' म्हणजे माहिती तंत्रज्ञान की प्राप्तिकर, हे संदर्भ पुरेसा नसेल तर वाचकाला ताडून पाहावे लागते.

यांहून गंभीर आहे ती अर्थ हरपण्याची अडचण. 'आयएफएससी कोड', 'पिन नंबर', 'एटीएम मशीन' या रूढ प्रयोगांत शेवटचा शब्द लघुरूपात आधीच असलेल्या अक्षराची पुनरुक्ती करतो. त्याबद्दल बोलणाऱ्यास दोष देण्याचे कारण नाही. ही पुनरुक्ती इंग्रजीतही आहे, आणि लघुरूपाचा विस्तार कोणालाच आठवेनासा झाला की भाषा आपला अर्थ अशा जोडशब्दाने सावरते. परंतु जेथे आरोग्याचा प्रश्न आहे तेथे हरवलेला अर्थ माणसाचे नुकसान करतो. एड्स हा आद्याक्षरशब्द १९८२ पासून रूढ झालेले एका रोगावस्थेचे नाव आहे, तर एचआयव्ही ही आद्याक्षरी ती अवस्था निर्माण करणाऱ्या विषाणूचे नाव आहे. विषाणूची लागण झालेल्या प्रत्येक व्यक्तीला एड्स झालेला नसतो, आणि वेळेवर सुरू केलेल्या नियमित औषधोपचाराने ती अवस्था टाळता येते. म्हणून 'एड्सची चाचणी' किंवा 'एड्सचा विषाणू' असे शब्द छापले जातात तेव्हा लागण आणि रोगावस्था एकरूप होतात आणि त्या व्यक्तीच्या वाट्याला नाहक भीती आणि दुरावा येतो. कर्जाच्या, विम्याच्या आणि पोलीस ठाण्याच्या कागदांवरील लघुरूपांबाबतही हेच खरे आहे: 'एफआयआर' म्हणजे दखलपात्र गुन्ह्याविषयी पोलिसांकडे प्रथम नोंदवलेली माहिती, आरोप सिद्ध झाल्याचा निर्वाळा नव्हे, हे ज्या वाचकाला माहीत नाही तो त्या बातमीचा अर्थ चुकीचाच लावणार.

या विवेचनातून संपादकवर्गास पुढील विनंत्या कराव्याशा वाटतात. पहिली विनंती अशी की, प्रत्येक इंग्रजी लघुरूप देवनागरीत उच्चाराप्रमाणेच लिहिले जावे, अपरिचित नावाचा उच्चार संबंधित संस्थेच्या वा क्षेत्राच्या बोलण्यावरून पडताळून घेतला जावा आणि वृत्तनिवेदकांनाही तोच उच्चार दिला जावा. दुसरी विनंती अशी की, लघुरूप बातमीत प्रथम येते तेथे त्याचा विस्तार द्यावा, आणि तो इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवून न देता मराठी अर्थाने द्यावा, कारण 'फर्स्ट इन्फर्मेशन रिपोर्ट' या लिप्यंतराने काहीच न कळणाऱ्या वाचकाला 'प्रथम माहिती अहवाल' या तीन शब्दांनी निदान वाट दिसते. तिसरी विनंती अशी की, जे आद्याक्षरशब्द मराठीतील सामान्य शब्दांसारखे दिसतात त्यांना एकेरी अवतरणचिन्हांत ठेवावे, म्हणजे मोठ्या लिपीचे काम ती चिन्हे करतील. चौथी विनंती अशी की, प्रत्येक संपादकीय कार्यालयाने वारंवार येणाऱ्या लघुरूपांची एक यादी ठेवावी, जिच्यात लेखन, उच्चार आणि मराठी अर्थ एकत्र असतील, जेणेकरून एकाच अंकात 'यूपीआय' आणि 'युपीआय' अशी दोन रूपे दिसणार नाहीत. पाचवी विनंती अशी की, जेथे मराठी नाव प्रचारात आहे तेथे तेच आधी वापरावे. जागतिक आरोग्य संघटना, संयुक्त राष्ट्रे, प्राप्तिकर विभाग ही नावे वाचकाला काय सांगायचे ते स्वतःच सांगतात, आणि लघुरूपे ते सांगू शकत नाहीत.

या विनंत्यांमागे इंग्रजीचा द्वेष नाही आणि शुद्धतेचा अट्टहासही नाही. रडार, लेझर, सिडको, म्हाडा हे शब्द मराठीने आपले म्हणून स्वीकारले आहेत, त्यांना प्रत्यय लावले आहेत, आणि ते आता मराठीत परके राहिलेले नाहीत. आग्रह इतकाच आहे की लघुरूप हे लिहिणाऱ्याची सोय म्हणून जन्माला येते आणि त्या सोयीची किंमत नेहमी वाचणारा मोजतो, हे ध्यानात ठेवून ती किंमत कमी करण्याचे काम ज्यांच्या हाती छपाई आणि प्रसारण आहे त्यांनी करावे. मराठी वृत्तपत्रांनी गेल्या जवळजवळ दोन शतकांत कायदा, अर्थकारण, विज्ञान आणि राज्यव्यवहार यांची भाषा सामान्य वाचकापर्यंत नेली आणि त्यासाठी असंख्य नवे शब्द घडवले व रुजवले. लघुरूपांच्या बाबतीतही ते काम आज करता येण्याजोगे आहे, त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वा मोठ्या खर्चाची गरज नाही, आणि त्याचा पहिला लाभ अशा वाचकाला होईल ज्याला इंग्रजी येत नाही, परंतु ज्याचे कर्ज, आजारपण, मुलांचे शिक्षण आणि न्यायालयातले प्रकरण आज इंग्रजी आद्याक्षरांवर चालते. संपादकवर्गाने या वाचकाचा विचार करून वरील सूचना आपापल्या कार्यालयात अमलात आणाव्यात, ही कळकळीची विनंती.



मराठी भाषेचा एक अभ्यासक